अण्णांचं रात्रीचं उठणं

औषधाच्या दुकानात किस्से कसे जमतात ते आधी सांगतो. आमच्याकडे पिकावरच्या फवारणीला नुसतं 'औषध' म्हणतात, आणि माझ्यासारख्याच्या दुकानाला औषधाचं दुकान. माणूस येतो एका पुडीसाठी. पुडी लगेच मिळते. पण बाहेर ऊन असतं, आत पंखा असतो आणि खताच्या गोण्यांची थप्पी बसायला अगदी बेताच्या उंचीची असते. मग तो बसतो. बसला की बोलतो. पिकाचं बोलून झालं की घरचं, घरचं झालं की हळूच स्वतःच्या दुखण्याचं. माझ्या दुकानात माणसांना चालेल असं एकही औषध नव्हतं, तरी दुखणी सगळी माझ्याचकडे यायची.

गंगापूर रोडला शहर संपून द्राक्षबागा सुरू व्हायच्या, तिथे माझं दुकान. आता तिथे फ्लॅट आहेत. मी सांगतोय ते मोबाईल येण्याच्या आधीचं. रोज संध्याकाळी आम्ही चौघं जमायचो. मी, दिलीप. बाळासाहेब, ज्यांच्याकडे जीप होती आणि प्रत्येक विषयावर मत होतं. शंकरनाना, जे दिवसाला चार वाक्यं बोलायचे. आणि निवृत्तीअण्णा, साठीला टेकलेले, बागेत एक पान वाकडं दिसलं तरी जेवण न जाणारे.

आमचे जे किस्से आहेत त्यातले निम्मे अण्णांच्या रात्री उठण्याचे. तेव्हा हसू आलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

*

सुरुवात झाली टायरवरून.

सांगलीकडच्या बागा बघायला आम्ही जीपने निघालो होतो. रात्री निघायचं, सकाळी पोचायचं, असा बेत. अण्णांच्या मांडीवर पाण्याचा एक मोठा कॅन होता. "अण्णा, वाटेत पाणी मिळतं," मी म्हटलं. "मिळतं, पण असू दे," ते म्हणाले.

नाशिक सोडून तासभर झाला नसेल, अण्णा म्हणाले, "बाळासाहेब, जरा थांबवा. मागचा टायर बसल्यासारखा वाटतो." बाळासाहेबांनी गाडी थांबवली. अण्णा उतरून अंधारात मागे गेले, थोड्या वेळाने आले. "नाय, बरोबर हाय." पुढे गेलो. परत तेच. तिसऱ्यांदा म्हणाले, "आवाज येतो." आम्हाला कुणालाच आवाज येत नव्हता. पण अण्णांचा कान बारीक, हे सगळ्यांना माहीत. बागेत मोटरचा आवाज जरा बदलला तरी त्यांना घरात कळायचं.

पहाटेपर्यंत आम्ही किती वेळा थांबलो याची मोजदाद नाही. बाळासाहेब आधी वैतागले, मग घाबरले. घाटात तर त्यांनी गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवली. घरी परत आल्यावर त्यांनी मागचे दोन्ही टायर नवे टाकले.

"अण्णांना काहीतरी दिसलं असणार," ते मला म्हणाले. "माणूस उगाच एवढा उतरत नाही."

*

द्राक्षात गोडी किती भरली ते बघायला एक छोटं यंत्र असतं. हातात मावेल एवढी नळी. तिच्या काचेवर द्राक्षाचा रस पिळायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकातून बघायचं. आत पट्टी दिसते, तिच्यावर आकडा. अठरा-वीस दिसले की माल काढायला तयार. आमच्याकडे त्याला शुगर मीटर म्हणायचे. तेव्हा ते सगळ्यांकडे नसायचं, माझ्या दुकानात एक होतं. ज्याला लागेल तो न्यायचा.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. बागांच्या छाटण्या होऊन नवी पानं फुटत होती. द्राक्षाचा अजून पत्ता नव्हता. आणि अण्णा शुगर मीटर मागायला आले.

"अण्णा, आत्ता काय तपासता?"

"असू दे. बघतो जरा."

दुसऱ्या दिवशी मीटर परत आलं. आजवर ते ज्याने ज्याने परत केलं त्याने रसाने चिकट झालेलंच आणून दिलं होतं. अण्णांनी ते साबणाने धुऊन, पुसून, वर डेटॉलचा वास येत असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं. काउंटरवर ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. दुकानात दुसरं कुणी नाही ना, ते बघितलं.

"दिलीप," ते हळू आवाजात म्हणाले, "माणसाची किती पाहिजे?"

*

मग सगळं बाहेर आलं. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा उठावं लागतं. वर्ष झालं. टायर वगैरे काही नव्हतं. वाचलं होतं की रात्री लघवी जास्त होणं हे साखरेच्या आजाराचं लक्षण असतं, म्हणून अण्णांनी घरच्या घरी तपासणी केली होती.

"आकडा किती आला?" मी विचारलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून विचारलं.

"एक. जेमतेम एक."

एक जास्त की कमी, हे आम्हाला दोघांनाही कळेना. तेवढ्यात बाळासाहेब आले. त्यांच्यापासून काही लपत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपं आहे. आपण तिघं धडधाकट आहोत. आपली बघायची आणि अण्णांच्या आकड्याशी लावून बघायची."

मी नको म्हणत होतो. पण खरं सांगतो, मलाही बघायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानामागे आमचा कार्यक्रम झाला. माझा आकडा आला चार. बाळासाहेबांचा पाच. शंकरनाना दिवसभरात पाणी प्यायचे फार तर अर्धा तांब्या, त्यांचा आला सहाच्या वर.

अण्णा एकटेच जरा हलके झाल्यासारखे दिसले. बाळासाहेबांनी त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा सुरू केला आणि घरी बायकोला कारण सांगेनात. मी रात्री अंथरुणात पायाला मुंग्या येतात का बघत पडलो. नाना मात्र दुकानातून निघताना थबकले आणि म्हणाले, "माझी एवढी असंल, तर मी जिवंत कसा?"

त्यांची त्या दिवसाची बाकीची तीन वाक्यं शिल्लकच राहिली.

*

अण्णांचा हलकेपणा दोन दिवस टिकला. रात्री उठणं काही थांबलं नाही. एका संध्याकाळी बाकीचे गेल्यावर ते बसून राहिले.

"शुगर नाय, म्हणजे मग दुसरंच हाय," ते म्हणाले. "आमच्या दादाचं असंच सुरू झालं व्हतं."

अण्णांचे थोरले भाऊ मनमाडला रेल्वेत होते. त्यांचंही रात्रीचं उठणं वाढलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोठ्या माणसाने हे काय सांगायचं, म्हणून. मग एक दिवस लघवी अडकली. तेव्हाही दोन दिवस गप्प राहिले. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. त्यांच्या शेवटच्या पहाटे अण्णांना उठवलं गेलं तेव्हा त्यांच्याच खाटेभोवती सगळी माणसं उभी होती आणि काय झालंय ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

"मग अण्णा, डॉक्टरकडे चला," मी म्हटलं. "दादांनी केलं तेच तुम्ही करताय."

"डॉक्टर काय सांगंल ते मला ठाऊक हाय. सांगितलं म्हंजी खरं होतं. न सांगितलं तर निदान बाग तरी निघंल."

मी एवढा घाबरलेला माणूस त्याआधी बघितला नव्हता. मी त्यांच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं. सुमनवहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, मला काय माहीत नाय व्हय? ते उठले की मी जागी असते. परत येऊन पडले की मग माझा डोळा लागतो. वर्ष झालं मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकतेय."

*

डॉक्टर शहरात होते, मूळचे चांदवडचे, कांद्याच्या घरातले. अण्णांना न्यायला आम्ही तिघंही गेलो. तिघं जायची गरज नव्हती. पण प्रत्येकाला आपला आकडा विचारायचा होता.

बाळासाहेबांनी खिशातून शुगर मीटर काढून टेबलावर ठेवलं आणि सगळी हकिगत सांगितली. डॉक्टर हसले. इतके हसले की बाहेरची नर्स दार उघडून बघून गेली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि समजावलं. ह्या मीटरला साखर वेगळी ओळखू येत नाही. पाण्यात जे काही विरघळलेलं असतं ते सगळं ते मोजतं. लघवीत क्षार असतातच, तेव्हा चार-पाच दिसणारच. साखर बघायची तर रक्त तपासायचं.

नानांनी मोठा श्वास सोडला. बाळासाहेब म्हणाले, "म्हणजे चहात साखर चालेल?"

डॉक्टर मात्र अण्णांकडे बघत होते. "तुमचाच आकडा एवढा कमी कसा? ही तर जवळजवळ पाण्यासारखी आहे. रात्री पाणी किती पिता?"

अण्णा टेबलावरच्या मीटरकडे बघत राहिले.

"अण्णा, सांगा ना," मी म्हटलं.

"झोपायच्या आधी दोन तांबे," अण्णा म्हणाले. "उठलो की परत थोडं."

"तहान लागते एवढी?"

"तहान नाय, साहेब. फ्लशिंग."

डॉक्टरांना कळलं नाही. आम्हाला मात्र लगेच कळलं. बागेत ठिबकच्या नळ्या असतात. त्यांत गाळ बसून छिद्रं बंद होऊ नयेत म्हणून अधूनमधून टोकं उघडून जोरात पाणी सोडायचं असतं. त्याला फ्लशिंग म्हणतात. अण्णांच्या बागेत एक नळी कधी तुंबली नाही. दादांची लघवी अडकली तेव्हापासून अण्णा स्वतःलाही रोज रात्री फ्लश करत होते. त्यामुळे रात्री उठणं वाढलं. उठणं वाढलं म्हणून भीती वाढली. भीती वाढली म्हणून आणखी एक तांब्या.

"अहो, जेवढं रात्री ओतताय तेवढंच रात्री बाहेर येतंय," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, पण गाळ?"

"माणसात गाळ नसतो, अण्णा."

अण्णांचा यावर विश्वास बसायला वेळ लागला.

*

डॉक्टर चांगले होते, त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. अण्णांना आत नेऊन तपासलं. नंतर पाय बघितले, बोटाने दाबले. दाबलेल्या जागी खळगा राहिला. दिवसभर बागेत उभं राहून पायांत पाणी उतरतं, आणि आडवं पडलं की तेच रात्री बाहेर निघायला बघतं, असं त्यांनी सांगितलं. मग हृदयाचे ठोके ऐकले, ब्लडप्रेशर बघितलं. ते दोन्ही ठीक होतं. मग एक प्रश्न विचारला, तो मला अजून आठवतो.

"अण्णा, नीट आठवून सांगा. जायचं असतं म्हणून जाग येते, की जाग येते म्हणून जाता?"

अण्णांनी बराच विचार केला. "दोन्ही, साहेब. थंडी वाढली की बागेची काळजी लागते. पत्र्यावर काही वाजलं की वाटतं, पाऊस आला काय. डोळा उघडतो. मग उठलोच हाय तर जाऊन येतो."

"म्हणजे निम्म्या फेऱ्या बागेच्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पाणी तोडायला सांगितलं नाही. पाणी दिवसा भरपूर प्यायचं, फक्त रात्रीच्या जेवणानंतर हात आखडता घ्यायचा. संध्याकाळचा चहा बंद. दुपारी तासभर पाय उंच करून पडायचं. आणि धार बारीक झाली, जळजळ झाली, रक्त दिसलं किंवा लघवी अडकली, तर त्याच दिवशी यायचं, गप्प बसायचं नाही. "लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेट ग्रंथी वयोमानाने थोडी मोठी झाली आहे. हाताला तरी वाईट काही लागलं नाही. पण भावाचं ऐकल्यावर मी रक्त तपासल्याशिवाय सोडणार नाही," ते म्हणाले. रक्ताचा एक नमुना मुंबईला जाणार होता. रिपोर्टला आठवडा.

सगळ्या बोलण्यातलं अण्णांनी ऐकलं ते एवढंच शेवटचं.

*

तो आठवडा फार वाईट गेला.

अण्णा माणूस शांत, रडारड नाही. त्यांनी आवराआवर सुरू केली. मुलाला बागेत नेऊन कुठला व्हॉल्व्ह कुठल्या ओळीचा, ते परत एकदा दाखवलं. मोटरच्या स्टार्टरची खोड समजावून दिली. मग दुकानात आले आणि बाळासाहेबांच्या हातात आपली छाटणीची कात्री ठेवली.

ही कात्री म्हणजे अण्णांचा जीव. दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मुलालासुद्धा नाही.

"ठेवा तुमच्याकडं," अण्णा म्हणाले. "पोराला धार लावता येत नाय. तुम्ही वापरा."

बाळासाहेबांना एरवी गप्प बसता येत नाही. त्या दिवशी ते कात्री हातात घेऊन तसेच बसून राहिले. अण्णा दुकानातून गेल्यावर रडले. मी पंख्याकडे बघत राहिलो. शंकरनाना म्हणाले, "अण्णाला धीर द्यायला जावं तर तो आपल्यालाच चहा पाजतो."

आठव्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या दुकानाच्या फोनवर कळवलं. अण्णांच्या घरी फोन नव्हता. रिपोर्ट चांगला होता. साखरही नव्हती. मी दुकान उघडं टाकून स्कूटर काढली. अण्णा बागेत होते, मला धावत येताना बघून जागच्या जागी खाली बसले. त्यांना वाटलं, धावत येतोय म्हणजे वाईटच.

"चांगला आहे, अण्णा. सगळं चांगलं आहे."

त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग डोळे पुसले, उठले आणि म्हणाले, "चल, आधी बाळासाहेबांकडं. कात्री आणू."

बाळासाहेबांनी तोवर तिला स्वतःच्या हाताने धार लावून ठेवली होती. अण्णांनी ती उजेडाकडे धरून बघितली. महिनाभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

*

उपचारातला सगळ्यात अवघड भाग निघाला दुपारी पाय उंच करून पडणं.

अण्णा बागेतच, मांडवाखाली गोणपाट टाकून आडवे व्हायचे आणि पाय ठेवायचे रिकाम्या क्रेटवर. काम करणाऱ्या बायांनी पहिल्या दिवशी ते बघितलं आणि काम टाकून वहिनींना बोलवायला धावल्या. भर दुपारी, कामाच्या दिवसांत मालक पाय वर करून पडलाय, म्हणजे चक्कर येऊनच पडला असणार. वहिनी पळत आल्या. अण्णा टक्क जागे होते, वेलींकडे बघत होते.

"इथून खालच्या बाजूची पानं लय बेस दिसतात," ते म्हणाले. "एवढी वर्षं मी वरूनच बघत व्हतो."

वहिनींनी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा शिव्या दिल्या, असं बायांनी सांगितलं.

पण फरक पडायला लागला. पाचाचे तीन झाले, तिनाचे दोन. संध्याकाळी दुकानात चहा आला की अण्णा कप हातात धरून नुसता वास घ्यायचे आणि नानांना द्यायचे. आम्ही रोज विचारायचो, "काल किती?" आणि अण्णा बोटं दाखवायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, लिटरला किती मिली औषध घालायचं, ते ठरतंय.

*

आता शेवटचं.

जानेवारी महिना होता, नुकतं फटफटत होतं. माझ्या घराचं दार कुणीतरी जोरात वाजवलं. अण्णांचा मुलगा होता. थंडीत नुसत्या बनियनवर. त्याला धड बोलता येत नव्हतं. "काका, आई बोलवतेय. लवकर चला."

वाटेत बाळासाहेबांना उठवलं, त्यांनी जीप काढली, नानांना घेतलं. जीपमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला मनमाडची पहाट आठवत होती, जी मी बघितलेलीही नव्हती. रिपोर्ट चुकला असेल का, दुसऱ्या कुणाचा आला असेल का, मी धावत सांगायला गेलो ते खोटंच ठरलं का, असलं काहीबाही डोक्यात चाललं होतं.

दारातच वहिनी उभ्या होत्या. त्यांनी उंबऱ्याजवळच्या अण्णांच्या चपलांकडे बोट दाखवलं.

"रात्री मी जशा ठेवल्या तशाच हायेत," त्या म्हणाल्या. "सगळी रात्र मी आवाजाची वाट बघितली. एकदाबी उठले नाय. माझी आत जायची हिंमत होत नाय, भाऊजी."

आम्ही तिघं आणि मुलगा आत गेलो. वहिनी पदर तोंडात धरून मागे. अण्णा खाटेवर डोक्यापर्यंत रग घेऊन निश्चल पडले होते. आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. कुणीच पुढे होईना. शेवटी शंकरनाना वाकले आणि त्यांनी तोंडावरची रग बाजूला केली.

अण्णांनी डोळे उघडले.

त्यांनी नानांकडे बघितलं. मग बाळासाहेबांकडे, माझ्याकडे, मुलाकडे. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते ताडकन उठून बसले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, मग आमच्याकडे, मग खिडकीतून आत आलेल्या उजेडाकडे. मग त्यांनी रग बाजूला सारली आणि पायाने चपला शोधायला लागले.

"आता उठवलंच हाय तर," ते म्हणाले, "जाऊन येतो."